मानेची काउंटरवरची मुलगी: ती उदास आहे हे ठरवलं कोणी?

रेघोट्या (रविवार, सकाळी १०:१२)

ही मुलगी उदास आहे, एकटी पडली आहे, गर्दीत हरवली आहे. एदुआर मानेच्या 'फोली बेर्जेरमधला बार' या चित्राबद्दल जिथे वाचावं तिथे हेच. (माने म्हणजे कोल्हापूरचे नव्हेत. आणि मोने तर नव्हेतच. मोने कमळांच्या तळ्याचा, माने हा. दोघे पॅरिसमधले आणि एकमेकांचे मित्र, त्यामुळे मराठी माणसाची पंचाईत होते.) मला काही केल्या ती उदास दिसत नाही, म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चित्र १८८२चं, लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे, साधारण ९६ बाय १३० सेंटीमीटर. फोली बेर्जेर हे पॅरिसमधलं करमणुकीचं ठिकाण. गाणी, सर्कशीतले खेळ, नाच, आणि फिरता फिरता प्यायला बार. त्यातल्या एका बारमागे ही उभी. पुढे संगमरवरी काउंटर. त्यावर सोनेरी कागदाने गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या, लाल त्रिकोणाचं लेबल लावलेल्या बिअरच्या बाटल्या, एक हिरवीगार बाटली, काचेच्या भांड्यात संत्री, एका ग्लासात दोन गुलाब. तिच्या मागे भिंतभर आरसा. म्हणजे मुलगी आणि काउंटर वगळलं तर बाकी जे दिसतं, झुंबर, बाल्कनीतली माणसं, दिव्यांचे पांढरे गोळे, ते सगळं आरशातलं, आपल्या पाठीमागचं. डावीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात हिरवे बूट घातलेले दोन पाय लोंबकळतात, ते झोक्यावरच्या कसरतवालीचे. उजवीकडे आरशात त्याच मुलीची पाठ, आणि तिच्यासमोर उंच टोपीचा, मिशीवाला माणूस.

आता चेहरा. कपाळावर कापलेली झुलपं, गाल तांबूस. ओठ मिटलेले, कोपरे ना वर ना खाली. डोळे समोर आहेत पण आपल्यावर ठरत नाहीत, जरासे खाली घसरतात. गळ्यात काळ्या फितीत लॉकेट, छातीशी फुलांचा गुच्छ, मनगटात कडं.

मी मोबाईलवर एक खेळ केला. अंगठ्याने मागची गर्दी झाकली आणि नुसता चेहरा ठेवला. उदासी गेली! समोर फक्त एक शांत, जरा लक्ष नसलेली मुलगी. मग उलटं केलं. चेहरा झाकला आणि गर्दी, बाटल्या, तिचे खांदे ठेवले. उदासी परत हजर. मग ती उदासी आहे कुठे? मला वाटतं, चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही आणि तिथे आपणच भरतो. तुम्हाला काय दिसतं?

झिरोमाईल (सकाळी १०:४०)

पायलं. त्या हिरव्या बुटांनीच माझा चहा थंड केला. बाकी पोरगी बोअर झालेली आहे, बास. संध्याकाळची शिफ्ट आहे.

अत्रे_ले_आउट (सकाळी ११:०५)

मला तर सरळ सरळ उदास वाटते. डोळे बघा ना. रडून झाल्यावर तोंड धुऊन बाहेर आल्यासारखे. इतकं मोठं चित्रकार मंडळ शंभर वर्षं म्हणतंय ते काय उगाच?

ड्रॉईंग_सर (दुपारी १२:३०)

छान विषय काढलास. मी निवृत्त माणूस, त्यामुळे लांब लिहिणार, सहन करा.

आपल्या गावात माणसाच्या चित्राबद्दल बोलायला लोक जरा बिचकतात असा माझा जुना संशय आहे. चित्रकार गायतोंडेंचा जन्म नागपूरचा, १९२४चा. चित्रकार रझा मुंबईच्या जे.जे.ला जाण्याआधी इथल्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. दोघेही पुढे माणसाची आकृती सोडून रंग, अवकाश आणि बिंदूकडे निघून गेले. त्यामुळे आमच्या पिढीला 'मॉडर्न' म्हटलं की अमूर्तच आठवतं. प्रत्यक्षात आधुनिक चित्रकलेचा बराचसा गोंधळ सुरू झाला तो अशाच एका समोर उभ्या माणसापासून, जो बघणाऱ्याला नेहमीसारखी गोष्ट सांगत नाही. १८८२च्या सालाँ या पॅरिसमधल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा लोक वैतागले ते याच कारणाने.

त्यांची मुख्य तक्रार आरशाबद्दल होती. मुलगी अगदी सरळ आपल्यासमोर. मग तिचं प्रतिबिंब तिच्या बरोब्बर मागे झाकलं जायला हवं. ते उजवीकडे इतकं सरकलंय कसं? तो टोपीवाला आरशात तिच्या नाकासमोर उभा आहे, मग काउंटरच्या अलीकडे तो का नाही? त्याच वर्षी एका व्यंगचित्रकाराने मानेवर उपकार म्हणून त्या माणसाला काउंटरसमोर काढून दाखवलं. सगळे हसले.

पण मानेला आरसा कळत नव्हता असं समजू नका. आधीचं एक कच्चं तैलचित्र आहे, १८८१चं. त्यात काउंटरमागे वेगळी बाई आहे, ती आपल्याकडे बघत नाही, आणि प्रतिबिंब बरंचसं नियमात बसतं. मोठ्या चित्राचा एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की प्रतिबिंब आधी तिच्या जवळ होतं आणि मानेने ते उजवीकडे सरकवत नेलं. म्हणजे चूक नाही, निवड. एक पाऊल बरोबर पडलं असताना मुद्दाम उचलून दुसरीकडे टाकलंय.

आता मूडकडे येतो. प्रतिबिंबातली मुलगी पुढे वाकलेली आहे, जरा भरलेली दिसते, गिऱ्हाइकाशी बोलते आहे. समोरची मुलगी ताठ आहे आणि कोणाशीच बोलत नाही. एकाच क्षणी एकाच बाईचे दोन प्रकार. अत्रे_ले_आउट, तुम्हाला जी उदासी दिसते ती या दोघींमधल्या अंतरात आहे. डोळ्यांत शोधू नका.

अत्रे_ले_आउट (दुपारी १२:५२)

सर, पण अंतर दिसलं की उदास वाटतंच ना. मग मी वेगळं काय म्हणालो?

ड्रॉईंग_सर (दुपारी १२:५८)

तुम्ही म्हणालात ती रडून आली. मी म्हणतो ती कुठूनच आलेली नाही, ती तिथे उभी केलेली आहे.

बर्डीची_जिजा (दुपारी ३:१५)

मी या ग्रुपवर बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. चित्रातलं मला काही कळत नाही, पण काउंटरमागे उभं राहण्यातलं कळतं. बर्डीवर साड्यांच्या दुकानात कित्येक वर्षं काढली. आता स्वतःचं ब्लाउज शिवण्याचं काम आहे.

तुम्ही सगळे तिचा चेहरा बघून राहिले. तिचे हात पाहा. दोन्ही हात काउंटरच्या कडेवर टेकलेत, मनगटं बाहेरच्या बाजूला वळलेली. पोज देण्यासाठी असे हात कोणी ठेवत नाही. ज्या बाईला बसायला स्टूल नाही ती असे हात ठेवते. पायातलं वजन खांद्यावर घेऊन हातांतून काउंटरवर सोडायचं. दहा मिनिटं पोटऱ्यांना आराम. समोरून बघणाऱ्याला वाटतं, किती अदबीने उभी आहे. आमच्या दुकानात दिवाळीत सकाळी दहा ते रात्री साडेनऊ आणि बसलेलं मालकाला दिसलं की ओरडा. लग्नसराईत तर जेवणसुद्धा गोडाऊनमध्ये उभ्याने. म्हणून ते हात मी एका सेकंदात ओळखले.

आणि चेहरा. तो उदास नाही हो. तो बंद केलेला चेहरा आहे. दिवसभर पन्नास बायका येतात, चाळीस साड्या उलगडायला लावतात, 'यात दुसरा रंग नाही का' म्हणतात आणि उठून जातात. प्रत्येकीला हसून दाखवायचं. एक गेली आणि दुसरी यायची आहे, त्या मधल्या वेळात चेहरा आपोआप असा होतो. कोणाचंच काही चाललेलं नसतं त्यात. त्या वेळेला कोणी विचारलं ना, 'काय झालं गं, बरं नाही का?', तर इतका राग यायचा. काही झालं नाही, हा माझा स्वतःचा चेहरा आहे, तुम्ही कधी बघितला नाही एवढंच.

सरांनी दोन बायका सांगितल्या ते मला पटलं. आरशातली वाकलेली ती गिऱ्हाइकाला लक्षात राहणारी. 'काय छान बोलते हो ती मुलगी.' समोरची ती आमची.

रेघोट्या (दुपारी ३:४०)

जिजाताई, मी मनगटांकडे बघितलंच नव्हतं. आत्ता पुन्हा उघडून पाहिलं, कोपरांपासून खाली सगळा भार दिसतो. तळवे उताणे नाहीत, कडेला नुसते अडकवलेत.

यावरून आठवलं. फ्रान्समध्ये दुकानातल्या बायकांना बसायला जागा द्यावी असा कायदा झाला तो १९००च्या डिसेंबरात, म्हणजे हे चित्र रंगवल्यावर अठरा वर्षांनी. 'खुर्च्यांचा कायदा' म्हणूनच तो ओळखला जातो. आपल्याकडे केरळने २०१८मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला, तिथल्या कापडदुकानांतल्या बायकांनी त्यासाठी आंदोलन केलं होतं. मग २०२१मध्ये तमिळनाडूने.

झिरोमाईल (दुपारी ४:०२)

जिजाताईंच्या पोस्टला पैकीच्या पैकी. सर, तुमचा नंबर दुसरा आला 😄

गोकुळपेठ_बाजार (दुपारी ४:३०)

सगळं ठीक आहे, पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये, ती मी बोलतो. त्या काळच्या पॅरिसमध्ये फोली बेर्जेरच्या बारमधल्या मुलींबद्दल काय बोललं जायचं ते सर्वांना माहीत आहे. दारू विकतात आणि सोबत स्वतःलाही, असा त्यांचा लौकिक होता. तो टोपीवाला काही बिअरचा भाव विचारत नाहीये. मग तिच्या चेहऱ्यावरचं ते रिकामपण थकव्याचं नाही, सौद्याचं आहे. काही अभ्यासक तर म्हणतात की मानेच्या चित्रात संत्री आली की ती त्याचीच खूण असते.

काटोलचा_भाऊ (दुपारी ४:४८)

संत्र्यात कायची खूण बावा? आमी पिढ्यान्‌पिढ्या संत्रा लावून रायलो, मंग आमचं काय म्हणाल?

मी झूम करून भांडं पायलं. हा ढीग विकाले मांडलेला हाय. मोठा माल दर्शनी, चकाकी समोर, वरून उजेड घेतलेला. बजारात अडत्या असाच लावते. चित्र थंडीत काढलं म्हणतात, १८८१-८२च्या. मंग बरोबर हाय, थंडी हाच त्या फळाचा टाइम. आपल्या संत्र्याचा आंबिया बहारबी थंडीच्या तोंडावर उतरते. पॅरिसले संत्रा होत नाई, तिकडून दक्षिणेच्या गरम मुलखातून येत असन, म्हणजे महाग. दारूच्या जागी महाग फळ ठिवलं, यात संशय कायचा?

गोकुळपेठ_बाजार (दुपारी ४:५५)

भाऊ, मी तुमच्या बागेबद्दल बोललो नाही.

काटोलचा_भाऊ (दुपारी ४:५७)

आपल्या नागपुरी संत्र्याले २०१४ साली जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, भेटला हाय. खूण म्हणाल तर ते खूण.

तिसरं_वर्ष (संध्याकाळी ६:२०)

मी इथेच चित्रकला महाविद्यालयात आहे. गोकुळपेठ काका, लौकिक होता हे खरं, पण लौकिक म्हणजे पुरावा नव्हे. तो लौकिक लिहिणारे सगळे टोपीवाले होते. मुलींनी काही लिहून ठेवलेलं आपल्यापुढे नाही. आणि जिजाताई म्हणतात तो बंद चेहरा दोन्हीकडे लागू पडतो. समोरचा काय विकत घ्यायला आलाय यावर तो अवलंबून नाही.

मला रंगवण्याबद्दल सांगायचंय, कारण मूड तिथे तयार होतो. गर्दी बघा. बाल्कनीतली माणसं म्हणजे नुसते फटकारे आहेत. एका बाईचे पिवळे हातमोजे म्हणजे दोन डाग, दुसरीच्या हातातली दुर्बीण म्हणजे एक काळी रेघ. आरशावर राखाडी-निळसर धूसर थर ओढलाय, धुरासारखा. मग बाटल्या बघा. कडा स्वच्छ, सोनेरी कागदावरची चमक जाड रंगात, जागच्या जागी. मुलगी बरोबर मध्ये, काळ्या मखमलीच्या जाकिटाचा मोठा त्रिकोण, त्याचा पाया काउंटरवर. चेहरा गर्दीपेक्षा कितीतरी मऊ, सावकाश रंगवलेला. म्हणजे आपल्या डोळ्याला ती जवळ आणि बाकी सगळं दूर असं आधीच सांगून टाकलंय. रेघोट्याताईंनी चेहरा झाकल्यावर उदासी शिल्लक राहिली ती यामुळे. ती त्या दोन प्रकारच्या ब्रशकामांच्या मधल्या फटीत आहे.

अजून एक. डावीकडच्या टोकाच्या बाटलीचं लेबल वाचा. तिथे मानेची सही आणि साल आहे. त्याने स्वतःचं नाव कोपऱ्यात न टाकता विकायच्या मालावर टाकलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसायलाच आलं. सालाँमध्ये चित्र लावणं म्हणजेही काउंटरच, तिथे तोही उभाच होता की.

झिरोमाईल (संध्याकाळी ६:३५)

लेबलचं निघालंच आहे तर, तो लाल त्रिकोण बास कंपनीच्या बिअरचा. इंग्लंडमध्ये १८७६ला ट्रेडमार्क नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिला नंबर त्याचाच. पॅरिसच्या बारमध्ये इंग्रजी बिअर म्हणजे इंग्रज पर्यटक भरपूर येत असणार. एवढं सामान्यज्ञान देऊन मी रजा घेतो.

डॉ_रामदासपेठ (रात्री ८:१०)

थोडी वैद्यकीय बाजू. माने त्या काळात फार आजारी होता. सिफिलिसमुळे मज्जारज्जूवर परिणाम झालेला, चालणं कठीण, पायात भयंकर कळा. त्या शेवटच्या वर्षांत त्याने फुलांची छोटी छोटी चित्रं काढली, कारण मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहवत नव्हतं. हे त्याचं शेवटचं मोठं चित्र. एप्रिल १८८३मध्ये पाय कापावा लागला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तो गेला. वय ५१. तेव्हा उदासी कोणाची याचं एक उत्तर असंही असू शकतं की ती काढणाऱ्याची आहे. शेवटचा एकदा बघून घेतलेला झगमगाट.

ड्रॉईंग_सर (रात्री ८:३१)

डॉक्टरसाहेब, मला ही वाट फारशी आवडत नाही. चित्रकार आजारी होता म्हणून चित्र आजारी, अशाने प्रत्येक चित्र केसपेपर होऊन बसतं. त्याच महिन्यांत काढलेली ती फुलं पाहा, काय टवटवीत आहेत! वेदनेतला माणूस रोज वेदनाच रंगवतो असं नाही.

पण तुमच्या माहितीतून एक उपयोगाची गोष्ट निघते. मानेला जाऊन बारमध्ये फार वेळ बसणं जमत नव्हतं. त्याने तिथे काही रेखाटनं केली आणि मोठं चित्र स्टुडिओत केलं. सुझाँ नावाची मुलगी, जी खरोखर फोली बेर्जेरमध्ये काम करायची, ती त्याच्या स्टुडिओत येऊन संगमरवरी टेबलामागे उभी राहिली. टोपीवाल्यासाठी त्याचा एक चित्रकार मित्र उभा राहिला. म्हणजे ती गर्दी, ते झुंबर, तो झोका यातलं काहीही तिच्या भोवती नव्हतं. ती एका शांत खोलीत, एका आजारी माणसासमोर तासन्‌तास उभी होती.

बर्डीची_जिजा (रात्री ८:४५)

म्हणजे सुट्टीच्या वेळेतही बिचारीला काउंटरमागेच उभं केलं!

रेघोट्या (रात्री ९:२०)

सर, हे वाचून माझं मत आणखी घट्ट झालं. आपण मॉडेलची माहिती नसताना चेहऱ्यावर काय वाट्टेल ते वाचतो. मानेच्याच काळातल्या देगा या चित्रकाराचं 'अ‍ॅबसिंथ' घ्या. कॅफेत शेजारी शेजारी बसलेले दोघे, बाईसमोर पेल्यात अ‍ॅबसिंथ, म्हणजे एक हिरवट कडक दारू. १८९३मध्ये लंडनला ते लागलं तेव्हा दारुडे, अधःपात म्हणून केवढा आरडाओरडा झाला. प्रत्यक्षात ती एक अभिनेत्री आणि तो एक चित्रकार, दोघेही देगाच्या ओळखीचे.

आणि आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिलचं 'थ्री गर्ल्स', १९३५चं. तीन मुली, एकमेकींकडे न बघणाऱ्या. त्याखाली नेहमी लिहिलेलं असतं: भारतीय ग्रामीण स्त्रीचं दारिद्र्य, दैवापुढे मान तुकवणं वगैरे. त्या मुली तिच्याच नात्यातल्या होत्या. चांगल्या सुखवस्तू घरातल्या.

अत्रे_ले_आउट (रात्री ९:४१)

पण रेघोट्या, सुखवस्तू घरातली मुलगी लग्नाच्या वयात आली की तिच्या मनात काय चालतं ते सुखवस्तू असल्याने बदलत नाही. शेरगिलला नात्यातल्या मुलींमध्ये जे दिसलं ते काढलं असेल. मॉडेल कोण होती हे कळलं म्हणून चित्रातलं दुःख खोटं ठरत नाही. नाहीतर नाटकातला राजा घरी भाड्याने राहतो म्हणून नाटक खोटं म्हणावं लागेल.

तिसरं_वर्ष (रात्री ९:५०)

हा मुद्दा जबरी आहे. मी यावर अत्रे काकांच्या बाजूने. मॉडेलची माहिती एखादा अर्थ खोडून काढू शकते, पण त्या जागी दुसरा बसवू शकत नाही. 'दारिद्र्य' खोडलं जाईल, कारण ते चित्रात दाखवलेलंच नाही, ना घर, ना भांडी, ना अंगण, मागे नुसता रंग. पण तिघींच्या नजरा कुठेच जाऊन पोचत नाहीत, हे तर दाखवलेलं आहे. ते कोणी खोडणार?

रेघोट्या (रात्री ९:५८)

हे मान्य. माझी तक्रार 'उदास' असं एकदा म्हणून पुढे बघणं थांबवण्याबद्दल आहे. जिजाताईंनी हात दाखवेपर्यंत इथे एकानेही हातांकडे पाहिलं नव्हतं, कारण सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

ड्रॉईंग_सर (रात्री १०:१५)

आरशाबद्दल एक राहिलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका ऑस्ट्रेलियन संशोधकाने अख्खा बार मांडून, आरसा लावून, फोटो काढून दाखवलं की चित्रातली जागा जवळपास जुळते. अट एवढीच की बघणारा मुलीच्या थेट समोर नको, त्याने उजवीकडे सरकून तिरपं बघायला हवं. मग प्रतिबिंब उजवीकडे जातं. आणि तो टोपीवाला चौकटीच्या बाहेर डावीकडे उभा निघतो. तो तिच्याशी बोलतच नाहीये, आरशात तसं दिसतं एवढंच.

झिरोमाईल (सोमवार, सकाळी ११:३०)

रजा रद्द. हे मी आज करून पायलं. आमच्या धंतोलीतल्या सलूनमध्ये भिंतभर आरसा आहे, सकाळी गर्दी नसते. सलूनवाल्या दादाला आरशाकडे पाठ करून उभं केलं, पुढ्यात ट्रॉली. समोरून फोटो: प्रतिबिंब गायब, त्याच्याच पाठीमागे. मग मी दोन पावलं उजवीकडे गेलो आणि दादाला सांगितलं, माझ्याकडे वळ. प्रतिबिंब सरकत सरकत उजवीकडे बाहेर आलं! डावीकडे फोटोबाहेर एक गिऱ्हाईक पेपर वाचत बसलं होतं, ते आरशात दादाच्या पाठीला लागून दिसलं, जसं काही दोघांची खुसुरफुसुर चाललीय. ऑस्ट्रेलियन माणूस खरा आहे. दादा म्हणतो दाढी करायची असेल तर बसा, नाहीतर निघा.

ड्रॉईंग_सर (सकाळी ११:५२)

शाब्बास! आता फोटो नीट बघून एक सांग. प्रतिबिंबातला दादा वाकलेला दिसतो का?

झिरोमाईल (सकाळी ११:५८)

नाही. समोर ताठ तर आरशातही ताठच. नुसता बाजूला सरकला.

ड्रॉईंग_सर (दुपारी १२:०४)

तेच. कुठे उभं राहून बघायचं हे भूमितीने सुटतं. ती आरशात का वाकली आहे हे सुटत नाही. ते मानेने भूमितीच्या विरोधात जाऊन केलेलं आहे, आणि त्यावर आत्तापर्यंत इथे एकच स्पष्टीकरण आलंय, ते जिजाताईंचं.

गोकुळपेठ_बाजार (दुपारी १२:२०)

माझं पण आलं होतं. सौद्यासाठी वाकली आहे.

बर्डीची_जिजा (दुपारी १:१०)

काका, वाकतो आम्ही गिऱ्हाइकाला ऐकू यावं म्हणून. दिवाळीत दुकानात गाणी लावलेली असतात, शेजारी बारा बायका भाव करत असतात, तुमचं बजेट काय ते ऐकायला पुढे वाकावंच लागतं. तिथे तर म्हणे बँड वाजायचा.

काटोलचा_भाऊ (दुपारी १:२५)

ताई बरोबर बोलल्या. आता कोणी सांगा, ते हिरव्या बुटाची बाई पडली त नाई?